वापरलेला महागडा गॅस ग्रिल : ओळख, तपासणी आणि किंमत (गोव्यातल्या वाचकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यात वापरलेले परदेशी गॅस ग्रिल बरेच फिरतात. कुणी आखातातून परतताना सामानात आणलेला असतो. कुणी आसगाव-शिवोलीतला भाड्याचा व्हिला रिकामा करताना विकायला काढतो, तर एखादं रेस्टॉरंट बंद पडतं आणि त्याचं सामान निघतं. वस्तू मुळात उत्तम असते, पण घेणाऱ्याला तिची पारख नसते आणि विकणाऱ्यालाही बऱ्याचदा नसते. त्यामुळे चांगला ग्रिल भंगाराच्या वजनावर जातो आणि आतून सडलेला ग्रिल नुसत्या नावावर भाव खातो. दोन्ही टाळता येतं.

ग्रिलवरचं नाव पुसलं गेलंय. कोणत्या कंपनीचा आहे हे कसं कळेल?

झाकणावरचा बिल्ला सोडून द्या. तो निघतो, बदलता येतो, बनावटही लावता येतो. शोधायची ती माहितीची पट्टी. चांगल्या कंपनीच्या प्रत्येक ग्रिलवर ती असते. खालच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, पाठीमागच्या पत्र्यावर, बाजूच्या फळीखाली किंवा तेल गळून जमा होतं त्या ट्रेच्या आसपास पाहा. तेलाचा थर असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने फडक्याने हळूच पुसा. खरवडू नका, अक्षरं जातात.

पट्टीवर मॉडेल, अनुक्रमांक, गॅसचा प्रकार, दाब आणि उष्णतेची क्षमता दिलेली असते. क्षमता कोणत्या एककात आहे यावरूनही ग्रिल कुठल्या बाजारासाठी बनला ते समजतं. बीटीयू असेल तर बहुधा अमेरिका किंवा कॅनडा, किलोवॅट असेल तर युरोप, आणि तासाला मेगाज्यूल असेल तर ऑस्ट्रेलिया. सीएसए हे चिन्ह उत्तर अमेरिकेचं आणि सीई युरोपचं.

पट्टीच नसेल तर बर्नर काढून त्याची लांबी, आकार आणि दोन्ही टोकांची ठेवण मोजून फोटो काढा. सुटे भाग विकणारे याच मापांवरून मॉडेल शोधतात.

वेबरचा ग्रिल आहे. तो किती जुना आहे हे ओळखता येतं का?

येतं, आणि बऱ्यापैकी नेमकं. वेबरची जेनेसिस ही मालिका १९८५ साली आली. तिच्या जुन्या ग्रिलमध्ये नॉब उजव्या बाजूच्या फळीवर असत आणि बर्नर डावीकडून उजवीकडे आडवे जात. २०११ पासून नॉब समोर आले आणि बर्नर पुढून मागे जायला लागले. म्हणजे नॉब बाजूला असलेला जेनेसिस पाहिला की तो २०११ च्या आधीचा, हे दुरूनच समजतं. जेनेसिस टू २०१७ मध्ये आला. नेमक्या सालासाठी अनुक्रमांक पाहायचा, त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांत उत्पादनाचं साल दडलेलं असतं. पट्टीचा स्पष्ट फोटो कंपनीच्या ग्राहकसेवेला पाठवला तर साल कळू शकतं.

जुना म्हणून त्याला लगेच नाकारू नका. जुन्या जेनेसिसची पेटी, म्हणजे बर्नर बसतात तो मुख्य भाग, ओतीव ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. आपल्या हवेत हा फार मोठा गुण आहे.

नाव मोठं असलं की ग्रिल चांगला, असं धरून चालावं का?

नाही. वेबर, नेपोलियन, ब्रॉइल किंग, बीफईटर, लिंक्स, वायकिंग, डीसीएस ही नावं बाजारात वजनदार आहेत. पण एकाच नावाखाली स्वस्त आणि महाग अशा दोन्ही श्रेणी निघतात. कंपन्यांची मालकीही बदलते. डीसीएस २००४ मध्ये फिशर अँड पायकेलकडे गेली. काही नामांकित स्वयंपाकघरी ब्रँडांनी आपलं नाव इतर उत्पादकांना वापरायला दिलं आणि त्या नावाचे ग्रिल मोठ्या दुकानांतून मध्यम दर्जाचे विकले गेले. म्हणून भाव मॉडेलचा आणि सालाचा करायचा. नुसतं ‘अमुक कंपनीचा आहे’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून रक्कम ठरवू नका.

चुंबक चिकटत नाही. म्हणजे स्टील ३०४ जातीचं, चांगल्यापैकी स्टेनलेस आहे ना?

हा समज खूप पसरलेला आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे. चुंबक घट्ट चिकटला तर ते ४३० जातीचं स्टील असण्याची शक्यता मोठी. त्यात क्रोमियम असतं, निकेल जवळजवळ नसतं, आणि समुद्राकाठी ते लवकर गंजतं. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक चिकटत नाही. पण २०१ जातीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही! त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. दुकानात ते ३०४ सारखंच चमकतं आणि खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत खरं रूप दाखवतं.

म्हणजे चुंबकाने हलकं स्टील पकडता येतं, पण चांगलं स्टील सिद्ध करता येत नाही. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे मँगनीज ओळखणारं एक द्रावण मिळतं. त्याचा थेंब २०१ वर टाकला की लालसर होतो. मोठी रक्कम द्यायची असेल तर मागच्या, न दिसणाऱ्या जागी ही चाचणी करून घ्या. एक लक्षात ठेवा, ३०४ चा पत्रा जिथे वाकवलेला असतो त्या कडेला चुंबक किंचित ओढला जातो. तेवढ्यावरून विकणाऱ्याला खोटं ठरवू नका.

झाकणावर तपकिरी डाग आहेत. हा गंज म्हणायचा का?

किनाऱ्यापासून साधारण पाच किलोमीटरच्या आत चांगल्या ३०४ वरही चहा सांडल्यासारखे डाग पडतात. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, दमटपणात ओलं राहतं आणि वरचा थर डागाळतो. बोटाने चाचपून पाहा. पृष्ठभाग गुळगुळीत लागला तर डाग वरवरचा आहे, स्टेनलेस स्टीलच्या क्लीनरने पॉलिशच्या रेषेच्या दिशेने घासला की निघतो. अशा डागासाठी भाव पाडून मागणं मला रास्त वाटत नाही. मात्र नखाला बारीक खड्डे लागले तर मीठ आत शिरलं आहे, आणि ते खड्डे वाढतच जातात.

डाग काढायला कुणी बाथरूमचं ॲसिड किंवा ब्लीच वापरलं असेल तर पत्रा निस्तेज, ढगाळ दिसतो. दोन्हींतलं क्लोरीन स्टेनलेस स्टीलचं संरक्षण मोडतं. लोखंडी तारेच्या घासणीचे कण पत्र्यात रुतून तेच पुढे गंजतात. बाहेरून ‘नवा करून दिलेला’ ग्रिल दिसला की मी आधी याच खुणा शोधतो.

आतून काय पाहायचं?

खरी किंमत आत आहे, त्यामुळे इथे वेळ घ्या. विकणाऱ्याला आधीच सांगा की जाळ्या उचलून पाहणार. त्याची तयारी नसेल तर पुढचं बोलणं थांबवा.

जाळ्या काढल्यावर बर्नरवर तिरप्या पट्ट्या किंवा पत्रे दिसतात. मांसाचा, माशाचा रस थेट बर्नरवर पडू नये म्हणून त्या असतात. त्या गंजून भोकं पडलेल्या असतील तरी काळजी करू नका, या झिजायच्याच वस्तू आहेत. पट्ट्या काढा आणि बर्नर पाहा. नळीच्या बर्नरची भोकं एकसारखी हवीत. दोन भोकं मिळून एक झाली असतील, नळीला चीर गेली असेल किंवा टोचल्यावर पत्रा दबत असेल तर बर्नर संपला. महागड्या ग्रिलमध्ये ओतीव बर्नर असतात, लिंक्समध्ये तर पितळी. ते जाडजूड आणि दीर्घायुषी असतात, आणि तसे सुस्थितीत सापडले तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. जाळीदार चिनी मातीचा, लालबुंद होणारा इन्फ्रारेड बर्नर असेल तर त्यातल्या फरशीला तडा नाही ना ते बघा. तडा असेल तर तो वापरू नये, ज्योत आत उलटू शकते.

बर्नरच्या तोंडाशी, जिथे हवा आणि गॅस मिसळतात, तिथे टॉर्च मारून पाहा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते, कोळीही जाळं विणतो. चार-सहा महिने बंद पडलेल्या ग्रिलमध्ये हे हमखास सापडतं. वाट बंद झाली की गॅस मागे फिरतो आणि नॉबपाशी पेट घेऊ शकतो. साफसफाई सोपी आहे, बाटली धुण्याच्या लांब ब्रशने होते. पण ती केल्याशिवाय ग्रिल पेटवून दाखवा असं म्हणू नका.

त्यानंतर पेटी, म्हणजे बर्नर ज्यात बसतात तो मुख्य भाग. बर्नर बदलता येतात, जाळ्या बदलता येतात, पेटी बदलायची म्हणजे जवळजवळ नवा ग्रिल घ्यायचा. कोपऱ्यांचे जोड, बर्नर अडकवायच्या खाचा आणि मागची भिंत ठोकून पाहा. इथे पत्रा खाऊन गेला असेल तर झाकण आरशासारखं लखलखत असलं तरी मी तो ग्रिल घेऊ नका असंच सांगेन.

पेटवून कसा तपासायचा?

आधी सगळे नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर तपासणी तिथेच थांबवा. झाकण नेहमी उघडं ठेवून पेटवा. प्रत्येक बर्नर वेगळा लावून ज्योत पाहा, ती निळी, सरळ, सगळीकडे सारख्या उंचीची हवी. टोकाला थोडा पिवळा रंग चालतो. पूर्ण पिवळी, लवलवती, काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते किंवा नोझल, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, चुकीचं आहे. सगळे बर्नर पूर्ण उघडून झाकण लावा, दहा-पंधरा मिनिटांत तापमापक किती चढतो ते पाहा. झाकणावरचे तापमापक बिघडलेले असतात म्हणून ओव्हनचा स्वस्त तापमापक सोबत न्या.

ठिणगीचं बटण चालत नसेल तर आधी बॅटरी बदलून पाहा.

अमेरिकेतून, जर्मनीतून किंवा दुबईतून आणलेला ग्रिल आपल्या सिलिंडरवर चालेल का?

तीन गोष्टी जुळाव्या लागतात : गॅस, दाब आणि जोड.

माहितीच्या पट्टीवर ‘नॅचरल गॅस’ लिहिलं असेल तर तो ग्रिल जसाच्या तसा सिलिंडरला जोडणं जीवघेणं आहे. नैसर्गिक वायूच्या नोझलची भोकं मोठी असतात. त्यातून एलपीजी सोडला तर ठरलेल्या क्षमतेच्या साधारण अडीचपट उष्णता बाहेर पडते आणि ज्योत झाकणाबाहेर येते. उलट एलपीजीचा ग्रिल पाइपच्या गॅसवर, म्हणजे नैसर्गिक वायूवर लावला तर ज्योत जेमतेम दिसते. गोव्यात काही भागांत घरोघरी पाइपचा गॅस पोचला आहे, त्यामुळे हा प्रश्न आता दोन्ही बाजूंनी येतो. कंपनीचं नोझलचं किट मिळालं तर बदल करता येतो. स्थानिक मेकॅनिकने ड्रिलने भोक मोठं करून दिलेलं नोझल मात्र नको.

दाबाचं असं : भारतातली घरगुती शेगडी साधारण ३० मिलिबारवर चालते. अमेरिकन एलपीजी ग्रिल सुमारे २७ मिलिबारचा, ऑस्ट्रेलियन साडेसत्तावीसचा, म्हणजे जवळपास सारखेच. युरोपात देशागणिक फरक आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियासाठी बनलेला ग्रिल बहुधा ५० मिलिबारचा असतो. तो आपल्या रेग्युलेटरवर पेटतो, पण तीन-चतुर्थांश उष्णताच देतो. अशा ग्रिलवर इसवणाच्या तुकडीला कडक तांबूस कवच येत नाही, आणि विकणारा म्हणतो ‘गॅसच हलका येतोय’. पट्टीवरचा दाबाचा आकडा वाचला की कारण कळतं.

जोड कुठल्याच देशाचा आपल्या सिलिंडरला सहसा बसत नाही. ग्रिलसोबत आलेला रेग्युलेटर आणि पाइप काढून टाका. आयएसआय चिन्हाचा रेग्युलेटर आणि आतून तारेचं जाळं असलेला नारिंगी ‘सुरक्षा’ पाइप लावा. तो पाच वर्षांनी बदलायचा असतो. कापड गुंडाळून, क्लिप आवळून केलेला जुगाड दिसला तर पाइपसकट बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

अमेरिकन ग्रिलची रोटिसरीची (मांस फिरवत भाजायच्या सळईची) मोटर आणि आतले दिवे १२० व्होल्टचे असतात. थेट आपल्या सॉकेटला लावले तर जळतात. विकणारा ‘मोटर कधी वापरलीच नाही’ म्हणतो तेव्हा ती आधीच जळलेली आहे का ते ट्रान्सफॉर्मरवर लावून तपासा.

बीटीयू जितके जास्त तितका ग्रिल चांगला?

नुसत्या आकड्याला अर्थ नाही. मुख्य बर्नरचे एकूण बीटीयू घ्या, बाजूच्या शेगडीचे आणि रोटिसरीचे सोडा, आणि जाळीच्या क्षेत्रफळाने भागा. ३६,००० बीटीयू आणि ४५० चौरस इंच जाळी असेल तर चौरस इंचाला ८० पडतात, ते पुरेसं आहे. जाड पत्रा आणि घट्ट बसणारं झाकण असलेला ग्रिल कमी बीटीयूतही पातळ पत्र्याच्या ग्रिलपेक्षा चांगला भाजतो.

मोठा आकडा गॅसही खातो. ६०,००० बीटीयू म्हणजे साधारण साडेसतरा किलोवॅट, तासाला जवळपास सव्वा ते दीड किलो गॅस. इतक्या ओढीला घरगुती रेग्युलेटर आणि एकच सिलिंडर कमी पडू शकतात. सिलिंडर गार पडून त्यावर घाम येतो आणि ज्योत बसायला लागते. तो ग्रिलचा दोष नव्हे.

मग किंमत कशी लावायची?

जुन्या बिलावरून सुरुवात करू नका. विकणाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय दिलं आणि आणायला किती खर्च आला, याच्याशी तुमचा संबंध नाही. आज त्याच दर्जाचा, तेवढ्याच आकाराचा नवा ग्रिल भारतात कितीला पडतो, हा पाया धरा.

माझा ठोकताळा असा. तीन वर्षांच्या आतला, घरी वापरलेला, पेटी शाबूत आणि भाग मिळणारा असेल तर त्या पायाच्या निम्मी किंमत. चार ते सात वर्षांचा, पेटी चांगली असेल तर एक-तृतीयांश. त्याहून जुना, पण ओतीव पेटीचा आणि सुटे भाग मिळणारा असेल तर पाचवा हिस्सा. यातून दुरुस्तीचा पूर्ण खर्च वजा करायचा. समजा नवा दीड लाखाला पडतो आणि तुमच्या समोरचा पाच वर्षांचा आहे. एक-तृतीयांश म्हणजे ५०,०००. बर्नर आणि पट्ट्यांना १२,००० आणि रेग्युलेटर-पाइपला २,००० लागणार असतील तर ३६,००० ही बोलणी करायची जागा.

किनाऱ्यालगतच्या उघड्या गच्चीवर राहिलेला आणि फोंड्या-डिचोलीकडे छपराखाली राहिलेला, असे एकाच वयाचे दोन ग्रिल एका भावाचे नसतात. दुसऱ्याला मी खुशाल जास्त देईन. आच्छादनाचीही चौकशी करा. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली अख्खा पावसाळा कोंडलेला ग्रिल उघड्यावरच्यापेक्षा वाईट निघू शकतो, कारण ओल बाहेर पडत नाही.

विकणाऱ्यांनाही एक सांगणं. धुऊन, बर्नर पेटवून, माहितीच्या पट्टीचा फोटो आणि बिलासकट दाखवलेला ग्रिल सहज अधिक भाव मिळवतो. हा वाढलेला भाव प्रामाणिक आहे, तो मागायला संकोच करू नका.

घ्यायचा कधी आणि विकायचा कधी?

एप्रिल-मेमध्ये सीझन संपतो, शॅक उतरवले जातात, लांब मुक्कामाचे परदेशी घरं सोडतात. पावसाळ्यात ठेवायला जागा नसल्याने लोक घाईत असतात, तेव्हा घ्या. विकायचा असेल तर ऑक्टोबरपर्यंत कोरड्या जागी सांभाळा.

शॅकचा किंवा रेस्टॉरंटचा ग्रिल स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

घरगुती ग्रिल धंद्यात रोज आठ-दहा तास चालला असेल तर त्याचं एक वर्ष घरच्या कित्येक वर्षांइतकं असतं. व्हॉल्व्ह सैल झालेले असतात, पेटी वाकलेली असते. घरगुती ग्रिलची वॉरंटीही धंद्याच्या वापराला सहसा लागू नसते. मुळात हॉटेलांसाठीच बनलेला जाड सांगाड्याचा ग्रिल असेल तर तो वेगळा विषय, त्याची पेटी बघून ठरवा. तुम्ही स्वतः धंद्यासाठी घेत असाल तर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर त्याला लावता येत नाही, तो नियमभंग आहे. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा खर्च आधी हिशेबात धरा.

सुटे भाग इथे मिळतात का?

ज्या कंपन्यांचे विक्रेते भारतात आहेत त्यांचे मागवता येतात. इतरांचे परदेशातून आणावे लागतात, आणि तेव्हा भागापेक्षा वाहतूक आणि कर जड जातात. म्हणून ग्रिलचा भाव ठरवण्याआधी बर्नर, पट्ट्या आणि व्हॉल्व्ह या तिन्हींची किंमत विचारून घ्या. पट्ट्या आणि साध्या जाळ्या म्हापसा, मडगाव, फोंड्यातला चांगला फॅब्रिकेटर ३०४ मध्ये मापाने करून देऊ शकतो. जाडी जुन्या पट्टीएवढी तरी ठेवायला सांगा. बर्नर आणि व्हॉल्व्ह मात्र कधीही बनवून घेऊ नका.

व्हिलातला ओट्यात बसवलेला ग्रिल काढून विकतात. तो घेणं परवडतं का?

अशा ग्रिलला चाकं, कपाट, बाजूच्या फळ्या नसतात. नवा ओटा बांधायचा खर्च धरला की स्वस्ताई बरीच कमी होते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून ओट्याच्या पोकळीला जमिनीलगत हवा जायची भोकं ठेवावीच लागतात. गवंड्याला हे आधी सांगा, नंतर तोडफोड नको. लाकडी चौकटीत बसवायचा असेल तर त्या मॉडेलचं उष्णतारोधक आवरण सोबत मिळतंय का ते विचारा.

फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवता येईल?

काचेने बंद केलेल्या बाल्कनीत नाही. उघड्या बाल्कनीसाठी सोसायटीची परवानगी घ्या आणि वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे बघा.

वडिलांनी मस्कतहून आणलेला ग्रिल कित्येक वर्षं पडवीत पडून आहे. विकावा की दुरुस्त करावा?

आधी पेटी पाहा. ती शाबूत असेल आणि बर्नर मिळत असतील तर दुरुस्त करून वापरा. त्या काळातला जाड पत्रा आज त्या पैशांत मिळत नाही, आणि घरातल्या माणसाने कष्टाने आणलेली वस्तू अंगणात पुन्हा पेटलेली बघायला बरं वाटतं. पेटी गेली असेल तर अख्खा ग्रिल भंगारात देऊ नका. पितळी व्हॉल्व्ह, ओतीव जाळ्या, नॉब, झाकणाची मूठ आणि तापमापक सुटे करून विका. त्याच मॉडेलच्या मालकाला हे भाग शोधूनही सापडत नसतात. राहिलेलं स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम लोखंडापासून वेगळं करूनच तोला, कारण एकत्र टाकलंत तर भंगारवाला सगळ्याला लोखंडाचाच दर लावेल.